घाबरू नये, मांजर आहे

उंद्रीच्या वाचनालयात भुताखेतांच्या पुस्तकांचं एकच कपाट होतं, आणि त्या कपाटाला अपेक्षाएवढं इमानदार गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. ती उघडायचा गोकुळभाऊ, आणि त्याची पिठाची गिरणी अगदी शेजारी. त्यामुळे प्रत्येक पुस्तकावर पिठाचा एक पांढरा पंजा उमटलेला असायचा. नवखा माणूस पुस्तक उघडायच्या आधी त्या पंजालाच भ्याला असता. अपेक्षाला पंजे सवयीचे झाले होते. तिचं दुखणं वेगळं होतं.

तिला भीतीच वाटत नव्हती.

तयारी तर सगळी असायची. आई सोयाबीन सोंगायला वावरात गेली की दार लोटायचं, पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या घरघरीत भुताचं पाऊल ऐकू येत नाही, आणि पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसायचं. पुस्तकातला दिवा विझायचा. जिन्यावर कुणीतरी चढायला लागायचं. अपेक्षाच्या मनगटावर पहिला काटा फुटायचा, कोपरापर्यंत चढायचा, आणि नेमकं तिथंच, समासात, बारीक देखण्या पेन्सिलीच्या अक्षरात लिहिलेलं असायचं: ‘घाबरू नये. मांजर आहे.’

काटा जागच्या जागी झोपून जायचा.

एक पुस्तक असतं तर सोडून दिलं असतं. पण अख्खं कपाट असंच. ‘पुढील पानावर किंकाळी आहे. स्वयंपाकीण घसरून पडते, भूत नाही.’ ‘खिडकी आपोआप उघडते असे वाटेल. कडी सैल आहे. पान १४० पाहा.’ आणि कळस म्हणजे खुनाच्या एका कादंबरीत, कोणाचा खून झालाय हेसुद्धा कळायच्या आधी, पहिल्याच पानाच्या डोक्यावर: ‘उत्तर: दिवाणजी.’

“अरे उत्तर काय उत्तर!” अपेक्षा त्या दिवशी रिकाम्या घरात ओरडली होती. “गणित हाय का हे?”

दुसरा मार्ग नव्हता असं नाही, पण सगळे मार्ग बुजलेले होते. मोबाईलवर भुताच्या गोष्टी ऐकायला जावं, तर हडळ झाडावरून उतरायच्या बरोब्बर वेळेला तुरीवरच्या अळीच्या औषधाची जाहिरात. चिखलीच्या दुकानात गाइडं सोडून काही नाही. आणि ऑनलाइन मागवायचं म्हटलं की आईचं एकच वाक्य: “दहावीचं वर्ष हाय वं बाई, भूतं काय पळून चालली?”

भूतं पळून चालली नव्हती, पण त्यांची अब्रू मात्र रोज चालली होती.

मागच्या वर्षीची अपेक्षा असती तर मुकाट सोसत बसली असती. पण या पावसाळ्यात तिने वक्तृत्वात तालुक्यातून पहिला नंबर काढला होता, चिखलीच्या सभागृहात, माइक हातात धरून, आणि तेव्हापासून गप्प बसणं तिला जमेनासंच झालं होतं. आई म्हणायची, “ढाल काय भेटली, पोट्टीचं तोंडच बंद होऊन नाई राह्यलं.” तर या नव्या तोंडाच्या अपेक्षाने पेन उचललं आणि ‘मांजर आहे’च्या खाली ठसठशीत लिहिलं: ‘आहे तर आहे! तुम्हाला कोणी विचारलं होतं? आम्हाला घाबरायचं आहे!’ पुस्तक परत केलं.

पंधरवड्याने तेच पुस्तक मुद्दाम पुन्हा काढलं. उत्तर आलं होतं. पेन्सिलीत.

‘ग्रंथालयाच्या पुस्तकात पेनाने लिहू नये. ल. पा.’

तिच्या डोक्यात गिरणीचा पट्टा फिरल्यासारखं झालं. ती तशीच वाचनालयात गेली. गोकुळभाऊ कुणाची तरी ज्वारी दळत होता.

“भाऊ, ल. पा. कोण हाय?”

“लक्ष्मीकांत पाठक सर,” गोकुळभाऊ पट्ट्यावरून ओरडला. “काऊन?”

“सगळ्या पुस्तकाइचा सत्यानाश करून ठेवला त्याइनं!”

“हळू बोल वं! अध्यक्ष हायेत समितीचे. नवीन पार्सल आधी त्याइच्याच घरी जाते. शिक्का मारतात, नंबर टाकतात, खाकी कव्हर घालतात, मंग वाचतात, मंग आपल्याकडं येते.”

“म्हणजे कोरं पुस्तक आपल्याले कधी भेटतच नाई?”

“कोरं कायले पाहिजे? अक्षरं तर तीच हायेत.” गोकुळभाऊने हात झटकले, पिठाचा ढग उडाला. “अन् आइक, ते तुही विहिरीतली वहिनी, तिचा तिसरा भाग काल आला. कालच सरकडं गेला.”



‘विहिरीतली वहिनी’चे दोन भाग तिने वाचले होते, म्हणजे समासातल्या पेन्सिलीसकट जेवढे वाचता येतात तेवढे. मोठ्या घरची थोरली सून भर दुपारी विहिरीत पडते, आणि मग रोज भर दुपारी त्या विहिरीचा रहाट आपोआप फिरायला लागतो. पडली की ढकलली? ढकलली तर कुणी? ते तिसऱ्या भागात कळणार होतं. एक वर्ष वाट पाहिली होती तिने. आणि आता या घडीला पाठक सर पेन्सिलीला टोक काढून बसलेले असतील. उत्तर: अमुकतमुक.

हे एक पुस्तक तरी कोरं हवं होतं. आयुष्यात एकदा तरी, कुणी हात न धरता, स्वतःच्या स्वतः भ्यायचं होतं.

ती थेट सरांच्या घरी गेली. उद्या दसरा होता. ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता, आणि पाठक सर, रिटायर होऊनही शर्टाच्या खिशाला पेन्सिल अडकवलेले, आंब्याची पानं सारख्या अंतराने सुतळीत ओवत बसले होते.

“सर, मी अपेक्षा. पुस्तकात पेनानं लिहिणारी.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “दहावी ना? भूमिती कशी आहे?”

“भूमिती चांगली हाय. सर, विहिरीतली वहिनी तुम्ही वाचलं काय?”

“अजून नाही. आज कव्हर घातलं, आत्ताच पूजेच्या पाटावर ठेवलं. आता उद्याची पूजा होईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही. परवा वाचीन.”

अपेक्षाचा जीव भांड्यात पडला. अजून कोरं होतं! तिने माइकसमोर करायची तशी मान ताठ केली. “सर, माही एक विनंती हाय. हे पुस्तक मले आधी द्या. तुम्ही लिहिता, त्याच्यानं सगळी मजा जाते. आम्ही भीती वाटावी म्हणूनच वाचतो, अन् तुम्ही आधीच सांगून टाकता. याले काय अर्थ हाय?”

सरांनी सुईत दोरा ओवावा तितक्या शांतपणे तिचं ऐकून घेतलं. मग घराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला.

“बाळ, ते मी तुझ्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरात भुताची पुस्तकं वाचण्याचा सोस आहे, तो यांना.” म्हणजे बायकोला. “गेल्या वर्षी अकोल्याला हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, आकस्मिक धक्का नको. आता पुस्तकं बंद करा म्हणालो, तर ऐकतात का? मग मी आधी वाचतो आणि जिथं जिथं धक्का आहे तिथं सूचना देऊन ठेवतो. तूच सांग, यात माझं काय चुकलं?”

झालं! तालुक्यात पहिला नंबर काढलेल्या तोंडाला कुलूप लागलं. इतके दिवस जिला शिव्या घातल्या ती पेन्सिल औषधाची निघाली. आणि चिडून चिडून अपेक्षाला याचीच जास्त चीड आली, की आता चिडायचीही सोय राहिली नाही. ती “हाव सर” म्हणाली आणि पाय आपटायचे तेवढे सावकाश आपटत फाटकाकडे निघाली.

“अगं ए मुली! झेंडू घेऊन जा थोडा!”

मागून चारुलताकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, येत होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेला. त्यांनी मूठभर फुलं अपेक्षाच्या ओढणीत टाकली आणि फुलांच्या आडून खालच्या आवाजात म्हणाल्या, “सगळं ऐकलं मी. तू मघाशी बोललीस ना, ते मी वर्षभर मनात बोलते आहे.”

“काय?”

“मला काय त्या सूचना हव्या असतात वाटतं? अगं, चाळीस वर्षं या माणसाने मला एक गोष्ट शेवटापर्यंत गुपित म्हणून ऐकू दिली नाही. लग्नानंतर टॉकीजला नेलं, तर मध्यंतरात म्हणाले, तो भाऊ निघणार. निघाला! आता हे स्प्रिंगांचं निमित्त. बोलायला जावं तर डोळ्यांत पाणी आणतात. काय करू?”

म्हणजे जिच्यासाठी औषध, तिलाच ते नको होतं!

“उद्या संध्याकाळी ते सोनं लुटायला जातात वेशीवर,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांना भेटून, भाषण करून येतात. तास-दीड तास तरी गेला. तू ये.”

“पण काकू, तुमचं हृदय...”

“हृदय माझं आहे. तू ये.”

दसऱ्याला अभ्यास करायचा नसतो, पुस्तकं पूजेत असतात. अख्ख्या वर्षातला हा एकच नियम अपेक्षाला मनापासून पटायचा. तिची दहावीची सगळी पुस्तकं सकाळीच हळदकुंकू लावून घेऊन निमूट बसली होती. संध्याकाळ होईस्तोवर तिने पुरणपोळी खाल्ली, भावाशी भांडली, तीनदा वेणी घातली. मग आपट्याची पानं घेऊन “सरकडं सोनं द्यायले जातो” म्हणून निघाली. सर फेटा बांधून वेशीकडे वळलेले तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि फाटकात शिरली.

पाटावर पाटीवरची सरस्वती होती, कंपासपेटी होती, आणि सगळ्यांच्या वर, खाकी कव्हर घालून, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, विहिरीतली वहिनी.

“आता?” अपेक्षा कुजबुजली. “पूजा उद्या हलवायची ना? पाप लागन.”

काकूंनी विचार केला. मग हात धुतले, अक्षता घेतल्या, पाटावर टाकल्या, काहीतरी अर्धवट पुटपुटल्या आणि एका बोटाने पाट गव्हाच्या दाण्याएवढा उत्तरेकडे सरकवला.

“हलवली. चल, वाच.”

मागच्या पडवीत दोघी बसल्या. काकूंचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून वाचायचं अपेक्षाने. पुस्तक उघडताना करकर आवाज झाला, नव्या पुस्तकाचा, आणि समास! पांढरेशुभ्र, रिकामे, कुण्णाचंही काही म्हणणं नसलेले समास. अपेक्षाने त्यावरून हात फिरवला.

‘दुपारचे बारा वाजले आणि रहाटाने पहिली कूस बदलली...’

“काकू, सोनं घ्या! सोन्यासारखं राहा!”

समोरच्या दारात पोरांचा घोळका. पुस्तक उशीखाली गेलं. पानं घेतली, पेढे दिले, डोक्यावरून हात फिरवले. पोरं गेली. पुस्तक बाहेर. ‘रहाटाने पहिली कूस बदलली आणि धाकटा दीर...’

“हायेत काय घरात?”

शेजारच्या तानुबाई. दारातूनच गुडघा धरून आत आल्या आणि बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. गुडघ्याला खामगावच्या डॉक्टरने काय सांगितलं, बुलढाण्याच्या डॉक्टरने त्याला कसं खोडून काढलं, आणि सुनेने दोघांचं ऐकून तेल कोणतं आणलं. अपेक्षा उशीवर बसली होती. खाली वहिनी, वर ती. तिला उशीतून रहाट फिरताना जाणवत होता.

“तानुबाई, सीमोल्लंघनाले नाई गेल्या?” तिने शेवटी विचारलंच.

“गुडघा हाय ना बाई. त्याचंच तं सांगून राह्यली.”

आणि पुन्हा पहिल्यापासून!

तानुबाई उठल्या तेव्हा उन्हं अंगणातून भिंतीवर चढली होती. काकूंनी समोरचं दार ओढून घेतलं, कडी लावली. “आता साक्षात यम आला तरी उघडायचं नाही. वाच पटापट.”

अपेक्षा वाचायला लागली, आणि या खेपेला कुणी आलं नाही. धाकटा दीर विहिरीशी जातो. काठावरच्या शेवाळात एकच ओला पाय उमटलेला आहे, तोही विहिरीतून बाहेर येणारा. अपेक्षाच्या मनगटावर काटा आला. कोपरापर्यंत चढला. समासात कुणी नव्हतं. काटा खांद्यावर गेला, मानेमागून केसांत शिरला. आई गं, हेच, हेच पाहिजे होतं! तिचा आवाज आपोआप बारीक झाला. दीर बादली खाली सोडतो. दोर उलगडतो, उलगडतो. बादली पाण्याला लागते. आणि मग दोर आतून ओढला जातो. एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा मायेने. आणि खालून आवाज येतो, ‘भाऊजी, जेवलात का?’

“हाऽ!” काकूंनी छातीवर हात दाबला. डोळे मिटले. मान मागे भिंतीला टेकली. श्वास थांबल्यासारखा झाला.

अपेक्षाने त्यांचा खांदा हलवला.

“काकू? काकू!”

उत्तर नाही. आता ही भीती पुस्तकातली नव्हती. स्प्रिंगा! अकोला! आकस्मिक धक्का! दसऱ्याच्या दिवशी, पूजा मोडून, सरांच्या माघारी, सरांच्या बायकोला आपण... तिला माइक, ढाल, तालुका काही आठवलं नाही. तिने पुस्तकाचं शेवटचं पान गाठलं, डोळे त्यावरून भरभर फिरवले आणि जिवाच्या आकांताने ओरडली:

“काकू, घाबरू नका! भूत नाई हाय! वहिनी जित्ती हाये! शेवटच्या पानावर चहा पिऊन राह्यली, बशीत ओतून! कोणी मेलं नाई, काकू, डोळे उघडा!”

काकूंनी डोळे उघडले.

मान भिंतीवरून उचलून सरळ केली.

“काय म्हणालीस?” काकूंनी विचारलं.

“वहिनी... जित्ती हाये.”

“मी मजा घेत होते,” काकू एकेक शब्द तोडत म्हणाल्या. “डोळे मिटून. मजा. घेत. होते.”

“मले वाटलं तुम्ही मेल्या!”

“शेवट कळायच्या आधी मरणारी बाई दिसते का गं मी तुला?” काकूंचा चेहरा लालेलाल झाला होता. एवढं तर निश्चित, की त्यांच्या हृदयात रक्त झकास फिरत होतं. “एक ते घरात आहेतच, आणि दुसरी मी फुलं देऊन बोलावून आणली! त्यांची पेन्सिल तरी बरी, डोळे झाकून पुढे जाता येतं. तू तर कानात ओरडलीस!”

“काकू, मलेही आता माहीत झालं ना! माहीही मजा गेलीच की!” अपेक्षा तावातावाने म्हणाली. वर्षभर वाट पाहून, पहिलं कोरं पुस्तक, पहिली खरी भीती, आणि नासवलं कोणी? दुसरं कोणी नाही. तिनंच. सरांना शिव्या तरी घालता येत होत्या. “मी काय मुद्दाम केलं?”

“तेही मुद्दाम करत नाहीत,” काकू म्हणाल्या. “दे ते इकडे.”

“चष्मा नाई तुमच्याजवळ!”

“डोळ्याला लावून वाचीन.”

पुस्तक घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. धाडकन दार. मग कडी.

अपेक्षा दाराशी उभी राहिली. एक पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा. मग बराच वेळ काही नाही. इतक्यात समोरच्या दारावर थापा पडल्या आणि “चारू, सोनं घ्या, कडी का लावलीत?” असा सरांचा आवाज आला. अपेक्षाने दार उघडलं. फेट्यातले, हातात आपट्याची फांदी घेतलेले सर आधी तिच्याकडे, मग पाटाकडे पाहत राहिले. पाटावर, पुस्तकाच्या जागी, नुसतं झेंडूचं फूल होतं.

“पुस्तक?”

अपेक्षाने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात आतून काकू किंचाळल्या, “अगं बाई गंऽऽ!”

सर फांदी टाकून दाराकडे धावले. “चारू! काय झालं? कितवं पान? बसून आहात का? मोठा श्वास घ्या!”

“जा हो तिकडे!” आतून आलेला आवाज चांगला ठणठणीत होता, आणि, अपेक्षाला शपथेवर सांगता आलं असतं, हसत होता. “आणि तिला सांगा, तू सांगितलंस तसं नाहीच आहे मुळी! शेवटचं पान वाचून काही कळत नाही!”

“नाई?” अपेक्षा दाराला चिकटली. “काकू, मंग ते चहा पिऊन राह्यली ते कोण हाय? वहिनी नाई? काकू! कोण हाय ते?”

“सांगणार नाही!”

“थोडंसंक सांगा ना!”

आतून पान उलटलं. सरांनी खिशातली पेन्सिल काढली, बंद दाराकडे पाहिलं, आणि काय करायचं ते न सुचून परत खिशात ठेवली. मग ते अपेक्षाकडे वाकले आणि अगदी हळू, जवळजवळ गयावया केल्यासारखं म्हणाले, “तू शेवटचं पान पाहिलंस ना? नक्की काय लिहिलं होतं?”

“सर, चूप बसा ना जरा!” अपेक्षा दात आवळून म्हणाली आणि तिने दाराला कान लावला. “आइकू द्या.”